उत्तर भरायचं राहिलेली कॅसेट

"तुम्ही काय करायचात?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, कॅसेट भरायचो. ऐकणारा पन्नाशीच्या पुढचा असेल तर ओळखीचं हसतो. पंचविशीतला असेल तर विचारतो, "भरायचो म्हणजे?" आणि माझं डोकं फिरतं. अरे बाबा, कुणी भाकरी भाजतो म्हटलं तर विचारतोस का, भाजतो म्हणजे काय करतो? पण चिडून काय उपयोग. ज्या वस्तूवर मी घर चालवलं, ती वस्तू त्या पोरांनी कपाटावरच्या खोक्यात पाहिली असली तर पाहिली.

जव्हारला बाजारात माझं आठ बाय दहाचं दुकान होतं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणायचं, मी ती गाणी त्याच्या कॅसेटवर उतरवून द्यायचो. ह्याला कॅसेट भरणं म्हणायचे. पण माझा खरा धंदा गाण्यांचा नव्हता, माणसांच्या बोलण्याचा होता. दिवाळी झाली, भात घरात आलं की इथल्या पाड्यांवरची निम्मी माणसं भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती पाऊस तोंडावर आला की परतायची. मधले सहा-सात महिने नवरा तिकडे, बायको इकडे. लिहिता-वाचता येणारे थोडे. पत्र लिहायचं तर दुसऱ्याच्या हातानं, वाचायचं तर मुकादमाच्या तोंडून. नवराबायकोचं बोलणं मुकादमाच्या तोंडून ऐकायचं, म्हणजे बघा!

म्हणून मी बोलकं पत्र सुरू केलं. दर शनिवारी दुकान बायकोवर टाकायचं, खांद्याला टेपरेकॉर्डर आणि पिशवीत सेल घेऊन मोखाड्याच्या बाजूला फेरीला जायचं. ओट्यावर बसायचं, बटण दाबायचं आणि म्हणायचं, "लाल दिवा लागला. बोला." सोमवारी एक ओळखीचा कंडक्टर भिवंडीच्या गाडीवर असायचा. त्याच्या हाती कॅसेट दिली की तो स्टँडजवळच्या चहावाल्याकडे ठेवायचा, तिथून ती भट्टीवर जायची. भट्टीवर मुकादमाकडे टेप असायचाच. उत्तर त्याच वाटेनं उलटं यायचं.

आता यातली मुख्य गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एका घराला एकच कॅसेट. बायकोचं पत्र नवऱ्यानं ऐकलं की त्यानं त्याच्यावरच आपलं उत्तर भरायचं. तिचं बोलणं पुसलं जायचं. मग तिनं त्याच्यावर भरायचं, त्याचं पुसलं जायचं. दुसरी कॅसेट घेणं परवडत नव्हतं हे खरं, पण नुसतं तेवढंच नव्हतं. आमच्याकडची म्हातारी माणसं म्हणायची, पोचलेलं बोलणं साठवून ठेवू नये, उत्तर झालं की ते मोकळं करावं. आणि माझ्यापुरता धंद्याचा नियम असा, की कानावर पडतं ते पडू द्यायचं, पण आपण काही ऐकलंच नाही असं वागायचं. आणि कुणाच्या बोलण्याची नक्कल स्वतःजवळ ठेवायची नाही.

गिऱ्हाइकं एकेक अशी की विचारू नका. एक म्हातारा यायचा, तो बोलायचाच नाही. पाच मिनिटं खोकायचा, बिडी ओढायचा आणि म्हणायचा, "झालं." मी म्हटलं, अहो, काहीतरी बोला. तर म्हणाला, "तिला कळते." आणि खरंच, तिकडून म्हातारीचं उत्तर आलं, "खोकला उतरला वाटते. बरं झालं." दुसरी एक बाई लाल दिवा लागला की डोक्यावर पदर घ्यायची आणि टेपकडे पाठ करून बोलायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून सगळ्यांचीच सुरुवात एक, "ऐकतोस का" किंवा "ऐकतेस का". शेवटही सगळ्यांचा एकच, "लवकर ये". शनिवारी दहा घरं केली तर दहा वेळा "लवकर ये". ऐकून ऐकून त्या दोन शब्दांना माझे कान बधिर झाले होते. हे मी फुशारकीनं सांगत नाही, पुढे लागणार आहे म्हणून सांगतो.

मोबाइल आले आणि एका उन्हाळ्यात माझा धंदा बसला. दुकानात नंतर रिचार्ज झाले, मग चपला झाल्या, आता तिथे कुणाचं तरी मोमोचं दुकान आहे. मी घरी बसलो.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी दारात गाडी थांबली. पुण्याहून चार पोरं आली होती, दोन मुली, दोन मुलगे. त्यांचा बँड होता. बँडचं नाव मला त्यांनी तीनदा सांगितलं आणि मी तीनदा विसरलो. बोलायचं काम गार्गी नावाची मुलगी करत होती. ती गायिका. केस बारीक कापलेले, पायात माझ्या नातवाच्या असाव्यात तशा चपला, पण वागायला अगदी आदबशीर.

"काका, आम्ही एका व्हिडिओ गेमसाठी गाणी करतोय," ती म्हणाली.

"गेमला गाणी कशाला? आमच्या घरी तर नुसता ढिशांव ढिशांव आवाज येतो."

हसली. मग नीट समजावून सांगितलं. गेम असा, की एक मुलगी हंडा घेऊन डोंगरात पाणी शोधत हिंडते. आपण तिला चालवायचं. मारामारी नाही. वाटेत जिथे झरा सापडेल तिथे एक जुना रेडिओ पडलेला असतो, आणि तिला झऱ्यापाशी बसवलं तर रेडिओवर एक जुनं गाणं लागतं. ती उठून चालू लागली की गाणं तिथेच तुटतं. ही गाणी जुनी, पण गाणार आजचे बँड, वेगवेगळ्या गावांचे. ह्याला कव्हर म्हणतात. जुनं गाणं आपल्या गळ्यानं, आपल्या वाद्यांवर म्हणायचं. सिनेमातली गाणी त्यांना नको होती, ती सगळ्यांनी करून झालीत म्हणे. त्यांना डोंगरातली हवी होती. तुमच्याकडे जुन्या कॅसेट आहेत असं जव्हारात कळलं, म्हणून आलो.

मला काय, बोलायला माणूस हवंच होतं. मी लग्नातली गाणी ऐकवली, आमच्या गावच्या ऑर्केस्ट्राची ऐकवली. त्यांच्यातला तो गिटारवाला कान लावून ऐकत होता. मी म्हटलं, "खरखर फार आहे रे. माफ कर." तर म्हणाला, "काका, खरखरच तर सॉलिड आहे! आम्ही ती वेगळी घालतो गाण्यात." घ्या. जी खरखर घालवण्यात माझी उमेद गेली, ती ही पोरं हौसेनं घालतात.

जाताना गार्गीनं विचारलं, "एक खोकं आठवडाभर नेऊ का? उतरवून घेतो आणि आणून देतो." मी हो म्हटलं. आत गेलो, खोकं भरलं. मग लोखंडी कपाट उघडलं, खालच्या खणातून कपड्यात बांधलेली एक कॅसेट काढली आणि खोक्यात सगळ्यांच्या मध्ये ठेवली. तिच्यावर मी फक्त 'सूर्यमाळ' एवढंच लिहिलं होतं. चुकून गेली असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. चुकून वगैरे काही नाही. मी ती मुद्दाम ठेवली. तीस वर्षं जे तोंडातून निघालं नाही, ते माझ्याशिवाय आपोआप बाहेर पडलं तर बरं, असा भेकड विचार होता.

ती कॅसेट चंद्रीची होती.

चंद्री सूर्यमाळची. तिचा नवरा लखमा भट्टीवर, घरी ती, कानानं अधू झालेली सासू आणि दोन वर्षांची मुलगी मंजुळा. चंद्रीला पुन्हा दिवस गेलेले, आठवा लागलेला. शिमगा होऊन गेला होता. मी शनिवारी तिच्या ओट्यावर बसलो, सेल बदलले, म्हटलं, "लाल दिवा लागला. बोल." ती पाय पसरून बसली होती. पाय सुजलेले होते, पैंजण मांसात रुतलं होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

ती काय बोलली ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"ऐकतोस का. मी बरी हाय. पोरगी बरी हाय, बाबा बाबा करते. शेळी व्याली, दोन करडं झाली. झऱ्याचं पानी आटत चाललं, हंडा भराया दुपार होते. मना पायाला सूज आली, तोंडाला पन आली. डोकं लय दुखते, डोळ्यापुढं अंधारी येते. आत्या म्हनते, दिवस भरत आलं का असं होते. पन मना भ्या वाटते. मुकादमाला सांग न् ये. लवकर ये. आता पोरीचं गानं म्हनते. तू मागितलं होतंस."

आणि ती गायली. मुलीला मांडीवर थोपटत गायली. गाणं तिचं स्वतःचं होतं, तिनंच जुळवलेलं.

नीज गं बाय, नीज गं बाय,
कोंबडी निजली, करडू निजलं,
माचावरली नागली निजली,
झऱ्याचं पानी जागं हाय,
बाबाची वाट बघत हाय.

एवढंच. परत परत. मी हजारो कॅसेट भरल्या, रेडिओवरचे मोठमोठे आवाज ऐकले, पण असा आवाज माझ्या टेपसमोर कधी बसला नव्हता. उंच नाही, गोड नाही, पण कसा सांगू, भिजलेल्या मातीसारखा थंड. मी घरी येईपर्यंत मनात एकच, की लखमा हे ऐकेल आणि त्याच्यावर आपलं उत्तर भरेल. "मी बरा हाय, वीट चांगली निघते" असं काहीतरी बोलेल आणि हे गाणं जगातून जाईल. मला ते सोसवेना.

नक्कल करायची तर दोन कॅसेटचं मशीन लागतं. माझं तेव्हा नाशिकला दुरुस्तीला गेलेलं, मंगळवारी येणार होतं. कंडक्टर जाणार सोमवारी. मी काय केलं, कॅसेट ठेवून घेतली. म्हटलं, आठ दिवसांनी काय बिघडतं? पुढच्या सोमवारी जाईल. ती म्हणाली होती की डोकं दुखतं, भीती वाटते. मी ते ऐकलं होतं. पण गाणं ऐकण्याच्या नादात ते शेवटच्या "लवकर ये"मध्येच जमा झालं, आणि "लवकर ये" तर सगळेच म्हणतात.

मंगळवारी मशीन आलं. बुधवारी मी फक्त गाणं उतरवून घेतलं, बोलणं सोडून दिलं. पुढच्या सोमवारी कॅसेट कंडक्टरच्या हाती दिली. मंगळवारी ती लखम्याला मिळाली. त्यानं ऐकली आणि अंगावरच्या कपड्यानिशी निघाला. बुधवारी संध्याकाळी सूर्यमाळला पोचला. चंद्रीला रविवारी झटके आले होते. तिला डोलीत घालून खाली आणेपर्यंत ती गेली. पोटातलंही गेलं. पाड्यावरची धडधाकट माणसं सगळी भट्टीवर, डोली उचलायला चार खांदे गोळा करायलाच दुपार झाली म्हणतात.

कॅसेट पहिल्या सोमवारी गेली असती तर लखमा त्याच बुधवारी घरी आला असता. ती जायच्या चार दिवस आधी. मोखाड्याच्या दवाखान्यात तिला नेता आलं असतं. वाचली असती की नाही, मला माहीत नाही. पण तो घरी असता.

पंधरा दिवसांनी लखमा दुकानात आला. ओरडला असता, अंगावर आला असता तरी चाललं असतं. तो पायरीवर बसला आणि एवढंच विचारलं, "मास्तर, तिनं शनवारी भरलं म्हनतात. मना मंगळवारी कसं मिळालं, दुसऱ्या?"

आणि मी म्हटलं, "त्या सोमवारी घाटात ट्रक आडवा झाला होता. गाडी गेलीच नाही."

इतक्या सहज निघालं तोंडातून. तो म्हणाला, "हां." मग म्हणाला, "मीच जायला नको होतं. तिला दिवस गेलेले, तरी मीच गेलू." त्याच्या खिशात कॅसेट होती. तिच्यावर उत्तर भरायचं राहिलं होतं. त्यानं मला विचारलं, हे पुसू नये म्हणून काय करतात? कॅसेटच्या पाठीला दोन बारक्या खुंट्या असतात. त्या मोडल्या की मशीन त्या कॅसेटवर नवं भरतच नाही. मी त्या मोडून दिल्या. आणि मन खाऊ लागलं म्हणून दुकानातला एक भोंगा त्याच्या पाड्यासाठी भेट दिला. गणपतीला, लग्नाला होईल म्हटलं. लखम्यानं त्यासाठी हात जोडले, आणि मी ते जोडू दिले.

भोंग्याच्या पाठीमागे एक जड डबीसारखा भाग असतो, त्याला युनिट म्हणतात. आवाज त्यातून निघतो. त्यात चांगलं मोठं लोहचुंबक असतं. घर गळकं, उंदीर फार, म्हणून लखमा ते युनिट पत्र्याच्या डब्यात ठेवायचा. घरातली सगळ्यात कोरडी, सगळ्यात राखीव जागा ती. मग जपायची म्हणून कॅसेटही त्यानं त्याच डब्यात ठेवली, युनिटला टेकवून. लोहचुंबक कॅसेटवरचा आवाज खातं, हे त्याला कोण सांगणार? मी सांगायला हवं होतं. भोंगा मीच दिला होता.

सणासुदीला बापलेक ती कॅसेट ऐकायचे. दर खेपेला आवाज थोडा आत गेलेला असायचा. मंजुळा दहा वर्षांची असताना लखमा तिला घेऊन दुकानात आला. "मास्तर, आई बोलत नाय," ती म्हणाली. मी कॅसेट लावली. फीत चांगली, चकचकीत, कुठे बुरशी नाही. आवाज मात्र नाही, नुसता सूं असा. डब्याची हकीगत ऐकली आणि काय झालं ते कळलं. मी दोघांना समजावून सांगितलं. पोरीला काही कळलं नाही. ती म्हणाली, "गानं तरी काढा. तुमी काढाल, बाबा म्हनला."

माझ्या पाठीमागे चार हातांवर लोखंडी कपाट होतं आणि त्यात ते गाणं होतं. किल्ली माझ्या कमरेला होती. पण गाणं काढून दिलं तर लखमा विचारणार, हे तुमच्याकडे कधी आलं? कॅसेट तर तिच्याकडून माझ्याकडेच आली. मग तो दिवस मोजणार, आणि ट्रकचं खोटं उघडं पडणार. मी म्हटलं, "नाही निघत, बाळा." त्या एका वाक्याची लाज मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वाटते.

तर अशी ती कॅसेट मी पुण्याच्या पोरांच्या खोक्यात ठेवली. खोक्यात चाळीस-पन्नास कॅसेट होत्या. आठवड्यानं गार्गीचा फोन आला. "काका, ते सूर्यमाळचं गाणं! आम्ही सगळे रडलो. हेच करतोय. कुणी गायलंय?" मी म्हटलं, "आहे एक बाई. जुनं आहे." तिनं गेममध्ये लिहिलं, 'पारंपरिक, सूर्यमाळ'. मी काही बोललो नाही. तिथेही नाही.

गेम आला. गाणं फोनवर आधी फिरलं, मग जव्हारात फिरलं, आपल्या भागाचं गाणं म्हणून लोक कौतुकानं एकमेकांना पाठवू लागले. मलाही पाठवलं. मी ऐकलं. खोटं सांगत नाही, सुंदर केलंय. गिटार अगदी हळू, मागून कुठूनतरी डफासारखा ठोका, आणि गार्गी ते चंद्रीसारखं म्हणायला बघत नाही, आपल्यासारखं म्हणते. 'झऱ्याचं पानी' असंच म्हणते, शुद्ध करत नाही. फक्त तिच्या गळ्यात भीती नाही. ती कुठून असणार?

एका रविवारी सकाळी मंजुळा आली. आता ती मंजुळाबाई, जव्हारच्या एका शाळेत शिक्षिका. मला वाटेत भेटली की "काका, बरे आहात ना?" असं विचारणारी. आत आली, बसली, पाणी नको म्हणाली. फोन काढून गाणं लावलं आणि शेवटपर्यंत वाजू दिलं.

"हे माझ्या आईचं गाणं आहे," ती म्हणाली. "दुसरं कुणी म्हणत नाही. पाड्यावर कुणाला येत नाही. मी त्या बँडला मेसेज केला. ते म्हणाले, तुमच्याकडून मिळालं."

"हो."

"तुमच्याकडे कसं?"

बस. तीस वर्षं ज्या प्रश्नाला घाबरलो, तो दोन शब्दांचा होता. मी सांगायला लागलो आणि अडखळलो. तिनं हात वर केला, फोन माझ्यासमोर स्टुलावर ठेवला आणि बटण दाबलं. "थांबा. नीट सांगा. बाबांना ऐकवणार आहे मी. त्यांनी जन्मभर स्वतःला दोष दिलाय." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "लाल दिवा लागलाय, काका. बोला."

आयुष्यभर मी हे दुसऱ्यांना म्हटलं. त्या दिवशी लाल दिव्यासमोर मी बसलो होतो. मी सगळं बोललो. शनिवार, सुजलेले पाय, नाशिकला गेलेलं मशीन, बुधवार, पुढचा सोमवार. घाटातला ट्रक खोटा होता हेही बोललो. चंद्रीचं पत्र पाठ होतं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवलं. "पन मना भ्या वाटते" इथे मंजुळानं डोळे मिटले.

मी थांबलो. तिनं बटण बंद केलं.

"आठ दिवस," ती म्हणाली.

"हो."

"आणि मी दहा वर्षांची असताना विचारलं, तेव्हा गाणं कपाटात होतं?"

"होतं. मागेच होतं."

"मागेच होतं," ती म्हणाली, आणि तेव्हा रडली. मी उठलो, कपाटातून गाण्याची ती नक्कल आणून तिच्या हातात दिली. गार्गीनं खोक्याबरोबर ती परत पाठवली होती. माफ कर म्हणायचं होतं, पण ते म्हणायला तोंड कुठे होतं? ती कॅसेट पर्समध्ये ठेवून गेली. दारातून वळलीसुद्धा नाही. माझी बायको आतून सगळं ऐकत होती. इतक्या वर्षांत तिलाही मी सांगितलं नव्हतं. ती बाहेर आली, म्हणाली, "अहो, काय केलंत हे," आणि पुन्हा आत गेली.

पुढे गार्गीचा फोन आला. मंजुळानं तिला सगळं कळवलं होतं. पोरगी बिचारी घाबरलेली, गाणं काढून टाकू का विचारत होती. मंजुळानं नको म्हणून सांगितलं होतं. म्हणाली होती, तुम्ही छान गाता, गा, पण 'पारंपरिक' खोडा आणि आईचं नाव लिहा. गेममध्ये आता 'चंद्री, सूर्यमाळ' असं येतं. चंद्रीचा खरा आवाजच गेममध्ये घालू का, असंही त्यांनी विचारलं होतं. त्याला लखमा नाही म्हणाला. बाहेर तुम्ही म्हणा, तिचा आवाज घरात राहू दे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मंजुळाच्या स्कूटरवर मागे बसून लखमा माझ्या घरी आला. सत्तरीला टेकलाय, पाठ वाकली आहे, डोळे मात्र लख्ख. मी उठून उभा राहिलो. तो माझ्याकडे न बघता टेबलापाशी गेला आणि खिशातून जुनी कॅसेट काढून ठेवली. आवाज गेलेली, खुंट्या मोडलेली, चंद्रीच्या शेवटच्या पत्राची.

"मास्तर, मशीन चालते का?"

"चालतं."

"ह्याच्यावर उत्तर भरायचं राहिलं. ते भरा."

मी चिकटपट्टी शोधली. मंजुळानं ती तोडून दिली. मोडलेल्या खुंटीच्या भोकावर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा भरता येते. हेही मीच सगळ्या तालुक्याला शिकवलेलं. मशीन पुसलं, कॅसेट आत घातली, बटण दाबलं. लाल दिवा लागला. "बोला" हे मात्र मला म्हणता आलं नाही. लखमा त्या दिव्याकडे बघत होता. मग आपणच बोलू लागला.

"ऐकतेस का. तुझं पत्र पोचलं. मी बरा हाय. पोरगी शाळंत बाई झाली, तिला दोन पोरं हायत. शेळ्या आता नाय ठेवत, होत नाय. झऱ्यावर टाकी बांधली, पानी हाय तेवढंच हाय. तुझं गानं आता शहरातली पोरगी म्हनते. बरं म्हनते, पन तुझ्यावानी नाय." तो थांबला. मला वाटलं झालं. मी बटणाकडे हात नेला, त्यानं बोट वर करून थांबवलं.

"तू म्हनलीस, लवकर ये. मी बसून नव्हतू राहिलू. मंगळवारी ऐकलं न् तसाच निघालू. इतकी वर्सं मना वाटं, घाट बंद होता, नशीब. घाट चालू होता गं. गाडी बी चालू होती. पत्र हितं जव्हारात पडून होतं. मी उशीर नाय केला. एवढं सांगायचं होतं. उत्तर झालं."

मी बटण बंद केलं. कॅसेट बाहेर काढली, चिकटपट्टी सोलून काढली, आता कुणाला पुसता येऊ नये म्हणून. मग इतक्या वर्षांच्या सवयीनं हात आपोआप पुढे झाला. पत्र भरून झालं की कॅसेट माझ्या पिशवीत पडायची आणि सोमवारी निघायची, तशी मी ती पिशवी शोधू लागलो.

लखम्यानं माझ्या हातातून ती काढून घेतली. सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली, वरून हात दाबला.

"नको, मास्तर," तो म्हणाला. "हे मी सोता नेतो."